न्यूयॉर्कमध्ये एकच दिवस आहे, व्हर्मीरची चित्रं कुठे पाहता येतील?

एका दिवसात आरामात होतं. व्हर्मीर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराची आज जेमतेम पस्तीस-छत्तीस चित्रं उरली आहेत आणि त्यातली 8 एकट्या न्यूयॉर्कमध्ये: 5 मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, 3 फ्रिक कलेक्शनमध्ये. दोन्ही फिफ्थ अव्हेन्यूवरच, चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. मेट बुधवारी बंद असतं, फ्रिक मंगळवारी, म्हणून हे दोन वार टाळा.

सकाळी फ्रिकला जा. तिकीट आधीच काढून ठेवा. दहा वर्षांखालच्या मुलांना तिथे प्रवेश नाही. पाठमोरा अधिकारी आणि हसणारी मुलगी हे चित्र अगदी लहान आहे, पण खिडकीतून येणारा उजेड तिच्या चेहऱ्यावर असा पडलाय की पाय निघत नाही. मालकीण आणि मोलकरणीचं मोठं चित्र हेन्री फ्रिकने 1919 मध्ये घेतलं, ती त्याची शेवटची खरेदी.

मग मेट. तिथे घाई असली तरी पाण्याची झारी धरलेल्या तरुणीसमोर निवांत थांबाच. पितळी तस्ताच्या बुडाशी टेबलावरच्या लाल गालिच्याची नक्षी उमटलीय ती बघा, आणि पांढऱ्या शिरोवस्त्रात मिसळलेली निळाई. छापील चित्रात ही निळाई कधीच नीट येत नाही. 'कॅथलिक श्रद्धेचं रूपक' मला त्यामानाने कोरडं वाटतं, ते शेवटी ठेवा.

'मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी' मात्र इथे नाही, ती नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे.