टीव्हीवरच्या विनोदी मालिकांवर खऱ्या घटनांचा परिणाम झाला का, हे संवादांच्या भाषेवरून शोधता येतं का?

येतं, पण नुसते शब्द मोजून नाही. सबटायटल गोळा करायची, 'युद्ध', 'निवडणूक' असे शब्द कधी वाढले ते बघायचं आणि आलेख काढायचा, इथेच बहुतेक जण थांबतात. माझा आग्रह आहे की आधी तारखांकडे बघा.

भाग कधी दाखवला यापेक्षा तो कधी लिहिला गेला, हे महत्त्वाचं. 'साउथ पार्क' या अमेरिकन कार्टून मालिकेचा भाग साधारण सहा दिवसांत तयार होतो. ओबामांच्या विजयावरचा भाग 5 नोव्हेंबर 2008 रोजी, मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी आला. याउलट 'मर्फी ब्राउन' ही अमेरिकन विनोदी मालिका. त्यातल्या अविवाहित नायिकेच्या आई होण्यावर अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी 19 मे 1992 रोजी टीका केली. मालिका तेव्हा नुकतीच सुट्टीवर गेली होती, त्यामुळे तिचं उत्तर आलं थेट 21 सप्टेंबरला. घटना आणि भाग यांत दोन्ही मालिकांसाठी एकच कालावधी धरलात तर एकीचा धागा हमखास सुटेल.

शिवाय तोच शब्द तेव्हाच्या बातम्यांत आणि गंभीर मालिकांतही तितकाच वाढला होता का, हे ताडून बघा. शब्द एकूण किती वेळा आला यापेक्षा किती भागांत आला ते मोजा, नाहीतर एकाच भागातली पुनरावृत्ती सगळा आलेख वर ओढते.

खरी कसोटी लागते ती घटनेचं नावच न घेणाऱ्या मालिकांत. अमेरिकी लष्करी इस्पितळावरची विनोदी मालिका 'मॅश' 1972 मध्ये सुरू झाली. कथा कोरियन युद्धातली, पण प्रेक्षकांच्या घरात रोज व्हिएतनामच्या बातम्या येत होत्या. नुसता 'व्हिएतनाम' हा शब्द शोधत बसलात तर फारसं काही हाती लागणार नाही. तिथे शब्दांची सोबत बघावी लागते: हुकूम, जखमी, घर, निरर्थकता हे कुणाच्या तोंडी, कशाच्या आसपास येतं. संगणक असे गट पाडून देतो. त्यांचा अर्थ लावायला मात्र संवाद स्वतः वाचावे लागतात, आणि मला तरी यातला सगळ्यात समृद्ध भाग तोच वाटतो.

गाळलेलं तर मोजणीत येतच नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर 'फ्रेंड्स'मधला विमानतळावरच्या बॉम्बच्या विनोदाचा प्रसंग काढून त्या जागी दुसरा चित्रित केला गेला. प्रसारित संवादांत याची खूणही नाही. म्हणून पटकथेचे आधीचे मसुदे मिळत असतील तर ते अंतिम संवादांशी ओळीओळीने ताडून बघा.