पणजोबांची लाँच विलायतेची की दाभोळची?

प्रश्न : वाशिष्ठीच्या खाडीकाठी, दाभोळजवळ, आमच्या वाडीतील मांगरात पणजोबांच्या वेळची अठ्ठावीस फुटी लाकडी लाँच झापांखाली उभी आहे. इंजिनावरच्या पितळी पट्टीवर ‘केल्विन, ग्लासगो’ एवढेच वाचता येते. मोठे काका सांगतात की ती डंकर्कच्या सैन्यसुटकेत होती आणि नंतर एका साहेबाने मुंबईस आणली. आत्याच्या मते ती इथल्याच सुतारांनी बांधली. पणजोबांच्या खतावणीत १९३८ च्या दिवाळीनंतर ‘लाँचीस रॉकेल’ अशी नोंद आहे. खरे काय, ते कसे शोधावे?
— एक वाचक

उत्तर : डंकर्कचा निकाल आपल्या खतावणीनेच लावला आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेले सैन्य नौकांनी इंग्लंडला नेले, ती ही सुटका २६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत झाली. तेव्हा खतावणीतील लाँच हीच असेल, तर १९३८ साली दाभोळला रॉकेल पिणारी नौका दीड वर्षाने इंग्लिश खाडीत सैनिक उचलत असणे संभवत नाही. काकांना वाईट वाटेल, परंतु त्या काळातील मोटरनौका ज्या घरात आहे, त्या घरात डंकर्कची कथा बहुधा असतेच.

रॉकेलची नोंद मात्र मोलाची आहे. केल्विनची अनेक जुनी इंजिने पेट्रोलवर सुरू करून, पुरेशी तापल्यावर रॉकेलवर वळवीत असत. म्हणून खतावणीत रॉकेलच्या जोडीने थोडेसे पेट्रोलही लिहिले आहे का, आणि इंजिनाजवळ मोठ्या टाकीखेरीज एखादी लहान टाकी व दोन्हींना जोडणारी तोटी आहे का, हे पाहावे. दोन्ही जुळले, तर पट्टीवरचे इंजिन आणि खतावणीतले इंजिन एकच असण्याचा संभव वाढतो. मात्र इंजिनाच्या वयावरून लाँचचे वय ठरवू नये. लाकडी नौकेच्या आयुष्यात इंजिन दोन-तीनदा बदलले जाते, आणि इंजिनाखालच्या जाड लाकडी बैठकीत खुंट्या ठोकून बुजवलेली बोल्टांची जुनी छिद्रे दिसली, तर आधी तिथे दुसरे इंजिन होते असे समजावे.

काका खरे की आत्या, हे लाकूड सांगेल. सागवान पाहून निर्णय करू नये, कारण ब्रह्मदेशचा साग विलायतेतील कारखानेही वापरीत. पाहायचे ते वाक, म्हणजे फळ्यांना आतून आधार देणाऱ्या फासळ्या, आणि खिळे. विलायती लाँचमध्ये ओकच्या बारीक पट्ट्या वाफेवर वाकवून जवळजवळ बसवलेल्या आढळतात आणि फळ्या तांब्याच्या खिळ्यांनी, आतून तांब्याची लहान चकती घालून ठोकलेल्या असतात. आपल्याकडचा सुतार बाभळीचे किंवा ऐनाचे मुळातच वाकडे वाढलेले लाकूड निवडून जाड वाक घडवतो आणि लोखंडी खिळे वापरतो. एक साधे लोहचुंबक घेऊन तळाच्या फळ्यांवरून फिरवावे. लोखंडावर ते ओढले जाईल, तांब्यावर नाही. एकाच जागी पाहून थांबू नये, कारण दुरुस्तीत बदललेल्या चार फळ्या दाभोळच्या आणि बाकी नौका विलायतेची, असेही निघू शकते. मग काका आणि आत्या दोघेही थोडे थोडे खरे ठरतील.

कागदपत्रांकडे त्यानंतर वळावे. १८९४ च्या ब्रिटिश जहाजविषयक कायद्यानुसार नोंदणी झालेल्या नौकेच्या मुख्य तुळईवर तिचा अधिकृत क्रमांक आणि टनभार कोरलेला असे. त्या काळी मुंबई हेही नोंदणीचे बंदर होते. क्रमांक मिळाला, तर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात नोंदवहीची प्रत शोधता येते. मालकीचे चौसष्ट हिस्से धरण्याची रीत असल्यामुळे कोणाकडून किती हिस्से कोणाकडे गेले, तेही तिच्यात मिळू शकते. क्रमांक नसला तरी निराश होऊ नये, कारण किनाऱ्यालगत आणि नद्यांतून चालणाऱ्या पंधरा टनांपर्यंतच्या नौकांना या नोंदणीतून सूट होती, आणि आपली लाँच त्यात सहज बसत असावी. ती मुळात हौशी साहेबाची असेल, तर लॉइड्सच्या यॉट नोंदपुस्तकांचे १८७८ ते १९८० या काळातील खंड पाहावेत. त्यांत बांधणारा, बांधणीचे वर्ष, इंजिन आणि पूर्वीचे नावही दिलेले असते.

या पुस्तकांत शोध नावावरून घ्यावा लागतो, आणि आपण नाव कळवलेले नाही. आत्यांना विचारावेच, पण पणजोबांनी विकत घेतल्यावर नाव बदलले असण्याचा संभव आहे. तेव्हा सुताराला रंग खरवडू देण्यापूर्वी संध्याकाळी मांगरातला दिवा मालवून, मागच्या फळीला लागून टॉर्च आडवा धरावा. कोरलेल्या अक्षरांवर रंगाचे कितीही थर चढलेले असले, तरी तिरप्या उजेडात त्यांच्या कडांची सावली पडते. छायाचित्र त्याच उजेडात घ्यावे, आणि मुख्य तुळईलाही हीच रीत लावावी.