बाई, वाचता येतं पण कळत नाही

टपालाने आणि ईमेलने मिळून या खेपेला पत्रं बरीच आली. त्यातली चार घेतली आहेत. इंग्रजी काळांचे तक्ते मागणाऱ्यांना थांबावं लागेल. खरं सांगू का, चौतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, पण तक्ता पाठ करून कोणी बोलायला लागलेलं पाहिलं नाही. त्यामुळे तक्ते द्यायला हात धजत नाही.

प्रश्न : बाई, मी सेमीला दहावीत आहे. इंग्रजी उतारा मी घडाघडा वाचतो, वर्गात सर माझ्याकडूनच वाचून घेतात. पण अनसीन पॅसेजमध्ये मार्क जातात. 'कोणी केलं', 'का केलं' असं आलं की हमखास चुकतं. रोज दोन उतारे सोडवतो. अजून किती सोडवू?
— एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : एकही नको. निदान पंधरा दिवस तरी नकोच.

घडाघडा वाचणं हे तोंडाचं काम आहे, ते तुला जमलंय. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचं प्रकट वाचन इतकं सुरेख, की शेजारच्या वर्गावरचे गुरुजी दारात येऊन उभे राहायचे. एकदा तिला पुस्तक मिटायला लावलं आणि म्हटलं, आता काय झालं ते मराठीत सांग. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. दोष तिचा नव्हता. पाचवीपासून आम्ही तिला वाचायलाच लावत होतो, विचारलं कोणी नव्हतं.

आता हे वाक्य बघ : 'द फार्मर हू हॅड सोल्ड हिज बुलक्स टू द मनीलेंडर केम बॅक टू द मार्केट ऑन मंडे.' सोमवारी बाजारात परत कोण आलं? मी हा प्रश्न टाकला की निम्मा वर्ग ओरडायचा, सावकार! का, तर 'केम'ला अगदी खेटून सावकार बसलाय. मराठीत आपण म्हणू, 'ज्या शेतकऱ्याने सावकाराला बैल विकले होते, तो सोमवारी बाजारात परत आला.' आपल्याकडे 'ज्या' म्हटलं की पुढे 'तो' येतोच, त्यामुळे आला कोण याबद्दल घोळ होत नाही. इंग्रजी मात्र 'हू' म्हणून मध्येच बैलांची हकीकत सांगतं आणि पुन्हा शेतकऱ्याचं नाव न घेता सरळ 'केम' म्हणून मोकळं होतं. म्हणून पेन्सिल घे आणि आधी क्रियापदांखाली रेघ मार. इथे दोन आहेत : 'हॅड सोल्ड' आणि 'केम'. प्रत्येकाला विचार, कोण? विकले कोणी, आला कोण? मोठ्यात मोठं वाक्य या एका प्रश्नाने उलगडतं.

दुसरी खोच 'इट' आणि 'दे'ची. आपल्याकडे तो, ती, ते आहेत. 'ती मोडली' म्हटलं की बादली मोडली, दोर नव्हे, हे लगेच कळतं. इंग्रजीत बादलीही 'इट' आणि दोरही 'इट'. तेव्हा 'इट' दिसला की तो कोणाबद्दल आहे तिथपर्यंत मागे बाण काढायचा. उतारा बाणांनी भरला तर भरू दे.

तिसरी खोच एवढ्याशा शब्दांची. 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे काही लोक आले. 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कोणी आलं नाही. मधल्या एका 'अ'ने सभा भरली की फसली ते ठरतं. 'हार्डली'मध्ये तर 'नाही' लपलेलाच असतो. घडाघडा वाचणाऱ्याची जीभ नेमकी या शब्दांवरून घसरून पुढे जाते.

आणि हो, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवून काढायची, ही युक्ती तू वापरतोस ना? सगळेच वापरतात. पहिल्या एकदोन प्रश्नांना ती चालतेही. 'का' विचारलं की मात्र उघडं पडायला होतं, कारण कारण बहुधा वेगळ्याच ओळीत, वेगळ्याच शब्दांत बसलेलं असतं.

मग पंधरा दिवस करायचं काय? सहावी-सातवीचं इंग्रजीचं पुस्तक काढ. घरात नसेल तर बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. लाजू नकोस. हू आणि नेशन या दोघा अभ्यासकांनी 2000 साली तपासून पाहिलं, तर कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला त्यातले साधारण 98 टक्के शब्द आधीपासून ओळखीचे लागतात. म्हणजे शंभरात दोन अडले तर चालेल, दहा अडले तर ते वाचन नव्हे, शब्दकोश उलटणं झालं. ही गोष्ट त्याआधी मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकाने आपल्याच उपखंडात, ढाक्याला, ओळखली होती. बंगाली पोरांसाठी त्याने मोजक्या शब्दांत बसणारी वाचनाची पुस्तकं तयार केली, आणि पुढे 1953 साली सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली. सातवीचा एक धडा मनातल्या मनात वाच, पुस्तक मिट, आणि आईला मराठीत सांग. आईने मध्येच 'मग?' विचारलं आणि तू अडलास, की तिथे तुला कळलेलं नाही. तेवढंच परत वाच.

प्रश्न : ताई, आम्ही घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. बंगळुरूचे, केरळचे, कधी परदेशी पाहुणे येतात. मी बारावी झालेय. बोलायला गेले की वाक्य आधी मराठीत जुळवते, तोवर पाहुणा खोलीत निघून गेलेला असतो. मागच्या मोसमात एका बाईंना 'गिव्ह मी युअर आयडी कार्ड' म्हटलं, तर त्यांचा चेहराच उतरला. माझं काय चुकलं?
— एक गृहिणी, मालवण

उत्तर : व्याकरणात काहीच नाही. मान तेवढा राहून गेला.

तुमच्या मनात वाक्य होतं, 'कार्ड द्या'. त्या 'द्या'मध्येच आपला आदर आहे. 'दे' आणि 'द्या' यांत काय फरक आहे, ते आपल्या शेंबड्या पोरालाही कळतं. इंग्रजीत 'यू' एकच. कलेक्टरही यू आणि दारातलं कुत्रंही यू. 'गिव्ह'लाही मानाचं रूप नाही. त्यामुळे तुमचा 'द्या' इंग्रजीत जाताना 'दे' होऊन गेला. तिथे मान वाक्याच्या तोंडाशी ठेवावा लागतो : 'कुड आय सी युअर आयडी, प्लीज?' यात 'द्या' नाहीच, मी बघू का, एवढंच आहे. हे 'कुड' भूतकाळाचं म्हणून शाळेत शिकवलेलं असतं, ते विसरा. इथे ते आपल्या 'जरा… का?'सारखं आहे.

अशीच एक गंमत आपल्या 'येते'ची. ताट ठेवून निघताना आपण 'येते हं' म्हणतो, कारण 'जाते' म्हणणं बरं दिसत नाही. त्याचं 'ओके, आय ॲम कमिंग' केलंत तर पाहुणा दाराकडे डोळे लावून बसेल, की आता या कुठून येणार! 'सी यू इन द मॉर्निंग' म्हणा आणि खुशाल निघा.

आता बोलायचं कसं. तुम्हाला सगळं इंग्रजी कशाला हवंय? तुमच्या अंगणातलं इंग्रजी शिका. पाहुणा फाटकातून आत आल्यापासून बॅग उचलून जाईपर्यंत रोज तीच बोलणी होतात. ती मोजा, वीसच्या वर जाणार नाहीत. ती अख्खी वाक्यं वहीत लिहा, सुटे शब्द नकोत. 'व्हॉट टाइम वुड यू लाइक युअर टी?' 'द वॉटर विल बी हॉट इन टेन मिनिट्स.' 'इज इट टू स्पायसी फॉर यू?' तारल्या वाढल्या तर 'धिस फिश हॅज स्मॉल बोन्स, प्लीज बी केअरफुल', हे आधी सांगा, घशात काटा अडकल्यावर नको. वीज गेली : 'द पॉवर इज आउट. इट शुड बी बॅक सून.' हे 'सून' किती लांबेल ते वीज मंडळालाच ठाऊक, पण वाक्य बरोबर आहे.

सोलकढीपाशी बहुतेक जण अडतात, कारण कोकमाला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधत बसतात. काही म्हणू नका, कोकमच म्हणा. पिझ्झाला आपण कुठे मराठी शोधलं? 'इट्स अ पिंक ड्रिंक. वी मेक इट विथ कोकम अँड कोकोनट मिल्क. वी हॅव इट विथ राइस.' तीन छोटी वाक्यं. 'जी… ती…' करत एकात एक गुंफू नका. बार्शीच्या मुलाचं वाचताना जे होतं, तेच बोलताना तुमचं होईल.

सिंधुदुर्ग किल्ल्याचंही तसंच. 'शिवाजी महाराज बिल्ट इट. द वर्क बिगॅन इन 1664.' आणि जूनमध्ये कोणी होडीची चौकशी केली, तर 'द बोट टू द फोर्ट डझन्ट रन इन द मान्सून.'

या सगळ्याच्या आधी पाठ करायचं वाक्य वेगळंच आहे : 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली?' न कळताच 'येस, येस' म्हणण्याची आपल्याला फार खोड. पाहुण्याने विचारलेलं असतं, 'इज ब्रेकफास्ट फ्री?' आणि आपण हसून येस! घावणे खाऊन झाल्यावर मग हिशोबाला दोघंही तोंडं पाडून उभे.

सराव एकटीने होत नाही. घरातल्या पोराला पाहुणा करा, आणि जरा खोडसाळ पाहुणा करा. फाटकाबाहेरून येऊ दे, वायफाय मागू दे, भाव पाडू दे. पहिले चार दिवस हसण्यातच जातील. जाऊ द्यात.

प्रश्न : मी चौसष्ट वर्षांची. मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, सहा महिने त्याच्याकडे जाणार आहे. दिवसभर तो आणि सून कामावर. मला दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात बोलता यावं एवढंच हवं. वाचता बऱ्यापैकी येतं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, वाचता येतंय म्हणजे अर्धं काम झालं. उरलेल्यात व्याकरण कमी आणि तिथल्या रीती जास्त.

मी तिकडे भाचीकडे गेले होते, तेव्हा शेजारीण रोज म्हणायची, 'यू ऑलराइट?' मला वाटलं, किती काळजी करते! मी उभी राहून गुडघ्यापासून रक्तदाबापर्यंत सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती रस्ता ओलांडून पलीकडून जाताना दिसली. ते आपलं 'काय, बरं ना?' असतं, त्याला 'यस थँक्स, यू?' एवढंच उत्तर. वेळ सांगताना तिथे 'हाफ सेव्हन' म्हणतात, म्हणजे आपले साडेसात, साडेसहा नव्हेत. 'टी'ला या म्हणाले तर चहा की संध्याकाळचं जेवण, ते विचारून घ्या. काही घरांत टी म्हणजे जेवणच असतं, आणि तुम्ही घरी भात लावून गेलेल्या असाल. लिफ्टमध्ये ग्राउंड फ्लोअर, मग फर्स्ट, ते आपल्यासारखंच. बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणायचं.

दवाखान्यासाठी एक ध्यानात ठेवा. आपल्याकडे सगळं 'मला' होतं : मला ताप आहे, मला चक्कर येते, माझा गुडघा दुखतो तो मलाच. तिथे 'मी'पासून किंवा अवयवापासून सुरुवात करा. 'आय हॅव अ फीव्हर.' 'आय फील डिझी.' 'माय नी हर्ट्स.' कधीपासून, तर 'सिन्स मंडे' किंवा 'फॉर थ्री डेज'. वार आला की सिन्स, मुदत आली की फॉर. गोळ्यांची नावं मात्र कागदावर लिहून न्या, ती बोलण्याच्या भरवशावर नकोत.

प्रश्न : रोज तासभर इंग्रजी बातम्या ऐकतो, वर्ष झालं. अजून डोक्यावरून जातात. कान तयार व्हायला किती वेळ लागतो?
— एक वाचक, कराड

उत्तर : असे ऐकलेत तर दुसरं वर्षही असंच जाईल. जे मुळीच कळत नाही ते तासभर ऐकणं म्हणजे पंख्याचा आवाज ऐकणं. तास सोडा, तीन मिनिटं घ्या. ज्याचा लेखी मजकूर मिळतो असंच काही निवडा. एकदा नुसतं ऐका, मग मजकूर वाचा, मग मजकुरावर बोट ठेवून ऐका, मग मजकूर झाकून दोनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पुन्हा. चौथ्या दिवशी नवीन घ्या.

कॉलेजात असताना मी शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकाचं 'स्पेशल इंग्लिश' धरायचे. 1959 पासून ते चालायचं. शब्द साधारण पंधराशे, वाक्यं आखूड, आणि वाचणारा इतका सावकाश बोलायचा की एक वाक्य वहीत उतरवून होईपर्यंत दुसरं जेमतेम सुरू झालेलं असायचं. आवाज मध्येच खरखरत दूर जायचा, तेव्हा राहिलेला शब्द अंदाजाने भरायचा. त्या अंदाजांनीच कान तयार झाला, असं आता वाटतं. वडील तेवढे कुरकुरायचे. सेल माझ्या बाईच्या इंग्रजीतच संपतात, म्हणायचे, आणि साताच्या मराठी बातम्यांना रेडिओ गप्प.