‘तिलावा’ : वाचकांचे प्रश्न

ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘तिलावा’ ही सुमारे १०,००० टनी आगबोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोम्बासाकडे निघाली आणि २३ तारखेला जपानी पाणबुडीने तिला बुडवलं. तिच्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

प्रश्न : मृतांचा नेमका आकडा किती?

बोटीवर ९५८ माणसं होती : ७३२ प्रवासी, २२२ खलाशी-कर्मचारी आणि ४ तोफची. २८० गेली. वाचलेल्या ६७८ पैकी ६७४ जणांना २५ तारखेला ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने उचललं, चौघे नंतर ‘कार्थेज’ या दुसऱ्या बोटीला सापडले. प्रवासी बहुतेक गुजराती, आफ्रिकेला निघालेले.

प्रश्न : पहिल्या टॉर्पेडोने बोट बुडालीच नाही म्हणतात. मग इतके बळी का?

खरंय, ती लगेच बुडाली नाही. घात केला आधी घबराटीने आणि मग दुसऱ्या टॉर्पेडोने. अंधारात सगळे एकदमच होड्यांकडे धावले. लाइफबोट दोन डेव्हिटांना, म्हणजे बोटीच्या कडेच्या वाकड्या लोखंडी हातांना, टांगलेली असते. पुढचा-मागचा दोर सारख्या वेगाने सोडला तरच ती सपाट उतरते. एक दोर जरा लवकर सुटला, की होडी उभी होते आणि आतली माणसं ओतली जातात. त्यात बोट कलंडली असली, तर उचललेल्या बाजूची होडी अंगाला घासत अडकते आणि खालच्या बाजूची लांब झुलते, चढणार कसं? पुढे बोट तरतेय असं पाहून काहीजण पुन्हा तिच्यावर चढले. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो बसला आणि बोट गेली. ‘भारताचं टायटॅनिक’ हे बिरुद म्हणूनच मला पटत नाही. हिमनग दुसऱ्यांदा नेम धरत नाही.

प्रश्न : पाणबुडी कोणती?

आय-२९. एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ सुभाषबाबू जर्मन पाणबुडीतून हिच्याच पोटात आले. जुलै १९४४ मध्ये अमेरिकी पाणबुडी ‘सॉफिश’ने तिला बुडवलं.

प्रश्न : चांदीचं काय झालं?

दक्षिण आफ्रिका सरकारने नाणी पाडायला घेतलेल्या २,३६४ लगडी बोटीवर होत्या. सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून एका ब्रिटिश कंपनीने त्या २०१७ मध्ये काढून इंग्लंडला नेल्या आणि मोबदला मागितला. खालच्या दोन्ही कोर्टांत कंपनी जिंकली. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं : चांदी परक्या सरकारची, व्यापारी वापरात नव्हती, सबब त्या सरकारवर दावा चालत नाही. निकालाआधीच दोघांत तडजोड झाली होती.

प्रश्न : आजोबांचे भाऊ रत्नागिरीचे, ‘तिलावा’वर खलाशी होते. नाव कुठे शोधू?

महायुद्धांतल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर. नावावरून सुरुवात करू नका; कोकणातली नावं साहेबांनी कानाला येतील तशी लिहिली आहेत. मृत्यूची तारीख २३ नोव्हेंबर १९४२ घाला, सेवेत ‘मर्चंट नेव्ही’ (व्यापारी जहाजांवरची सेवा) निवडा, मग बोटीचं नाव असलेल्या नोंदी एकेक उघडा. वडिलांचं नाव किंवा गाव दिलेलं असलं, तर ते घरच्या माहितीशी ताडून पाहा. ते प्रवासी म्हणून गेले असतील, तर या यादीवर विसंबू नका. ती मुळात सेवेत असलेल्यांची आहे.