शहरातील बेरोजगाराला कामाची हमी का नाही?

प्रश्न : माझ्या पगारातून दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो. हा कर रोजगार हमीसाठी लावला गेला, असे ऐकले. मग आमच्या चाळीतील बेकार तरुणांना त्या हमीचा लाभ का मिळत नाही?
– एक वाचक, परळ

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या आणि 1972च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेचा खर्च भागवण्यासाठी राज्याने 1975मध्ये हा कर आणला, आणि 1977च्या कायद्याने काम मागण्याचा हक्क दिला. मात्र तो ग्रामीण भागापुरताच. मुंबईला त्याची निकड तेव्हा भासली नसावी, कारण आपल्याच परळ-लालबागच्या गिरण्या सुरू होत्या. 1982च्या संपानंतर चित्र पालटले, तरी 2005च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानेही (मनरेगा) शहरे वगळली.

शहरी हमी अशक्य नाही. केरळने 2010मध्ये तेथील दलित समाजसुधारक अय्यंकाळी यांच्या नावाने अशी योजना सुरू केली, राजस्थानने 2022मध्ये. मुंबईत मात्र केवळ खणण्या-भरण्याची कामे काढून भागणार नाही (शिकलेला तरुण त्यांकडे फिरकणारही नाही). ओला-सुका कचरा वेगळा करणे, पाळणाघरे चालवणे, एकट्या वृद्धांची देखभाल यांसारखी, आज स्त्रिया बहुधा विनामोबदला किंवा तुटपुंज्या पैशांत करतात ती कामे, किमान वेतनासह त्यात धरावी लागतील. कामाची निवडही वस्तीतील लोकांनीच करावी. 2014च्या फेरीवाला कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत, तशी तरतूद येथेही करता येईल.