शेतकऱ्याच्या टॉर्चसाठी कोणता सेल आणि कोणता एलईडी घ्यावा?

तुम्हाला शेतकरी आणि ट्रेकर दोघांना चालेल अशी एकच नवीन टॉर्च काढायची आहे, आणि तुम्ही विचारलंय की १८६५० (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब) लिथियम-आयन घ्यावी की लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, आणि १००० लुमेन (एकूण उजेडाचं माप) देणारा एलईडी कोणता. आधी ही दोन गिऱ्हाइकं वेगळी करा. ट्रेकरचं सोपं आहे, ते शेवटी सांगते. शेतकऱ्याच्या टॉर्चबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण तिच्यावर मी काम केलंय आणि तिच्यापायी भांडलेही आहे.

शेतकऱ्यासाठी एलएफपी घ्या, ३२६५० साइजचा, ६ अँपिअर-तासाचा एकच सेल. एलईडी ४००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे किंचित पिवळसर उजेडाचा, सीआरआय ९०, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप शंभरपैकी ९०. आणि १००० लुमेन डोक्यातून काढून टाका.

माझं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आमच्याकडे आलटून पालटून, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्रीची आली की माणूस अंथरुणातून उठून मोटर चालू करतो आणि पहाटेपर्यंत उसात दारं धरतो. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात टॉर्च, आणि खोरं दोन्ही हातांनी मारायचं झालं की टॉर्च काखेत. त्याला शंभर मीटरवरचं झाड बघायचं नसतं. पुढच्या चार पावलांवर पाचटात काय आहे ते बघायचं असतं.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी डिझाइनला होते. तिथे शेतकऱ्यांसाठी टॉर्च काढायची ठरली. परचेसच्या साहेबांनी आधीच यादी करून ठेवली होती: ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, ६५०० केल्विनचा स्वस्त एलईडी आणि खोल रिफ्लेक्टर. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक दुकानात समोरच्या इमारतीवर प्रकाश मारून बघतं, तो पांढराशुभ्र आणि लांब जाणारा पाहिजे. मी माझ्या मताचा एक नमुना बनवला आणि दोन्ही टॉर्च घेऊन गावी गेले.

चुलत्यांबरोबर रात्री पाटाच्या कडेनं चालले होते. त्यांच्या हातात कंपनीची टॉर्च होती. उजव्या हाताला पाचटातून फुत्कार ऐकू आला, कुकरच्या शिट्टीसारखा लांब, म्हणजे घोणस. चुलते जागच्या जागी थांबले. प्रकाश बरोबर आवाजाच्या दिशेला होता, भरपूर होता, पण सगळं पाचट राखेसारखं एकरंगी दिसत होतं. "आवाज येतोय, पण दिसंना," ते म्हणाले. मी माझी टॉर्च त्याच जागी धरली. कमी उजेडात वाळक्या पाल्याचा पिवळटपणा वेगळा झाला आणि त्याच्यामध्ये काळ्या कडेचे गडद तपकिरी लंबगोल ठिपके ओळीनं दिसले. पाच-सहा फुटांवर होती. आम्ही मागे सरलो, ती उसात निघून गेली.

यात नवल काही नाही. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळा फॉस्फर चढवलेला असतो. स्वस्त कूल व्हाइटमध्ये, म्हणजे ६५०० केल्विनवाल्यात, लाल भाग फार कमी, त्यामुळे पाला, माती आणि साप हे तीन वेगवेगळे तपकिरी एकमेकांत मिसळतात. सीआरआय ९० घेतला की सत्तरवाल्याच्या तुलनेत साधारण पाचवा हिस्सा उजेड जातो. जाऊ द्या.

मीटिंगमध्ये मी हे सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, एका सापासाठी बॉम बदलायचा का?" बॉम म्हणजे लागणाऱ्या भागांची यादी. टॉर्च लेड-ॲसिडवरच बाजारात गेली. पावसाळ्यानंतर परत आलेल्या टॉर्चचे खोके स्टोअरबाहेर रचून ठेवले होते. बॅटऱ्या सल्फेट धरून मेलेल्या. अहवालात लिहिलं गेलं की वापरणाऱ्यानं वेळेवर चार्ज केल्या नाहीत. हे मला आजही पटत नाही. ज्याच्या घरी लाईटचा भरवसा नाही तोच टॉर्च घेतो. तो वेळेवर आणि पूर्ण चार्ज करेल असं धरून डिझाइन करणं हीच मुळात चुकीची सुरुवात आहे. रिकामं पडून राहिलं की लेड-ॲसिड मरते. एलएफपीला अर्धवट चार्जचं काही वाटत नाही आणि दोनेक हजार चार्ज-डिस्चार्जच्या सायकल ती सहज काढते. वरून मोटरच्या पत्र्याच्या पेटीत मे महिन्यात टॉर्च टांगलेली असते. एलएफपीत ऑक्सिजन फॉस्फेटला घट्ट बांधलेला असतो, म्हणून ती तापली तरी साध्या लिथियम-आयनइतक्या सहज पेट घेत नाही.

विजेचं गणितही तिच्याच बाजूनं आहे. ३५० मिलीअँपिअरला चांगल्या एलईडीला २.९ व्होल्टच्या आसपास लागतात. एलएफपी बहुतेक वेळ ३.२ वर सपाट चालते, त्यामुळे एएमसी७१३५ सारखा साधा लिनियर ड्रायव्हर (एलईडीचा प्रवाह ठरावीक ठेवणारी चिप, जास्तीचे व्होल्ट ती उष्णतेत घालवते) लावला तरी ९० टक्के ऊर्जा एलईडीला मिळते. लिथियम-आयनच्या सरासरी ३.७ ला त्याच ड्रायव्हरमध्ये वीस टक्क्यांहून जास्त नुसती उष्णता होते. ६ अँपिअर-तासाला ३५० मिलीअँपिअर म्हणजे सतरा तास, दोन रात्री. सेल संपत आला की एलईडी हळूहळू मंद होतो, माणसाला घरी परतायला वेळ मिळतो. शंभरेक लुमेन आणि रुंद झोत, नारंगीच्या सालीसारखा खडबडीत रिफ्लेक्टर, एवढं पायाखालच्या कामाला भरपूर झालं.

तुमचे १००० लुमेन काढायला आठ-दहा वॅट लागतात. ३४०० एमएएचच्या १८६५० मध्ये सगळे मिळून १२ वॅट-तास. म्हणजे तास-सव्वा तास, तोही प्लॅस्टिकच्या बॉडीत काढता येणार नाही, काही मिनिटांत तापून उजेड कमी करावा लागेल. शिवाय झोताचं अंतर दुप्पट करायला कँडेला, म्हणजे एका दिशेला जाणाऱ्या झोताची तीव्रता, चौपट लागते. खोक्यावर लुमेन छापून अंतर वाढत नाही.

आता ट्रेकर. त्याला वजन कमी हवं, तिथे १८६५० लिथियम-आयन ठीक आहे, एलईडी तोच ९० सीआरआयचा. फक्त ९९०० एमएएच छापलेले सेल घेऊ नका. सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा, चांगला १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, तिशीत भरला तर आत काहीच नाही.

एलएफपीच्या अडचणीही सांगायला हव्यात. ३२६५० जाड आहे, बाईच्या किंवा पोराच्या मुठीत नीट बसत नाही, तेव्हा पकड लांबट घ्या. व्होल्टेज सपाट असल्यामुळे चार दिव्यांचा बॅटरी इंडिकेटर खोटं बोलतो, तो लावूच नका. आणि टीपी४०५६ या चार्जिंग चिपचा तयार बोर्ड उचलून लावू नका, तो ४.२ व्होल्टपर्यंत चढवतो. एलएफपीला ३.६ वर थांबायला हवं. टीपी५००० मध्ये ते पिनवरून निवडता येतं. प्रोटेक्शन बोर्डही एलएफपीचाच मागा. विकायचं असेल तर सेलला आयएस १६०४६ (सेलच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक) ची नोंदणी आहे का ते आधी विचारा.

रिफ्लेक्टरचा व्यास किती धरलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो कळला तर एलईडीची साइज नेमकी सांगता येईल.