गेममधल्या खाणगाडीसारखी तुटक्या रुळावरून 'उडी' मारणारी रोलर कोस्टर खरोखर बनवता येते का?

येते, आणि बनवलीही आहे. 'डाँकी काँग कंट्री' हा १९९४ चा गेम. त्यातली खाणगाडी जपानमध्ये ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओ या थीम पार्कात डिसेंबर २०२४ पासून धावते, २०२५ मध्ये ऑर्लँडोतही आली.

गंमत अशी की गाडी उडतच नाही. आपल्याला दिसणारे गंजके, मोडके रूळ म्हणजे नुसता देखावा. खरा रूळ खालच्या बाजूला दडवलेला असतो आणि डबा एका पोलादी हाताने त्याला जोडलेला असतो. चाकं खऱ्या रुळाला वरून, बाजूने आणि खालूनही धरून ठेवतात. त्यामुळे वरचा रूळ 'तुटला' तरी डब्याला काही फरक पडत नाही, पोटात गोळा मात्र येतोच.

दादरला भाच्याला हे सांगून पटेना. मग तार काटकोनात वाकवली, टोकाला काडेपेटी खोचली, टेबलाच्या कडेवर दोन पट्ट्या मध्ये फट ठेवून मांडल्या आणि हात टेबलाखाली लपवून तार सरकवली. काडेपेटी फट ओलांडताच पठ्ठ्या ओरडला, "मामा, उडाली!"

तुम्ही प्रोजेक्टसाठी डिझाइन करत असाल तर वेगामागे लागू नका. घरातली लहानथोर मंडळी एकत्र बसणार, त्यामुळे उलटापालटी नकोच. डोकं लावायचं ते लपवण्यात: वेली, खडक, धबधबा यांच्या आड तो हात आणि खालचा रूळ कुठूनही दिसता कामा नये, रांगेत उभ्या असलेल्यांनासुद्धा. आणि मुंबईच्या आसपास बांधायची असेल तर पावसाळ्यातल्या गंजाचा विचार आधी करा. देखाव्याचा गंज वेगळा, खरा वेगळा!